चहानं ताकद येत नाही हो!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत 'चहाने अंगात ताकद येते' असं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. ताकद बिकद काही येत नाही. पेशी दिवसभर एटीपी (त्यांचं इंधनच म्हणा) खर्च करतात, त्यातून अ‍ॅडेनोसिन तयार होतं, ते मेंदूतल्या रिसेप्टरवर (म्हणजे पेशीवरच्या त्याच्या ठरलेल्या सीटवर) जाऊन बसलं की डोळे जड होतात. चहातलं कॅफीन काय करतं, एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना तसं ती सीट धरून बसतं, अ‍ॅडेनोसिन बिचारं उभंच. थकवा आहे तिथंच, फक्त कळत नाही.

मला हे कळलं बाबांमुळे. मागच्या वर्षी एका संध्याकाळी त्यांचे ठोके एकदम १९० वर गेले, कॅज्युअल्टीत नेलं, ६ मिलिग्रॅम अ‍ॅडेनोसिन (ठोके मंदावायचं औषध म्हणूनही हेच देतात) शिरेतून दिलं तर ढिम्म फरक नाही. मग डॉक्टर म्हणाले, "काका, चहा कधी घेतलात?" तासाभरात तीन कप झालेले! नंतर १२ मिलिग्रॅम दिलं आणि मॉनिटरवर चक्क सरळ रेघ, चार-पाच सेकंद, आई किंचाळलीच, मग टक टक करत ८२. औषध रक्तात काही सेकंदच टिकतं, तेवढ्यात हृदयातला ए-वन नावाचा रिसेप्टर गाठून काम उरकतं. पण अशी रेघ येणार हे आधी कोणी सांगितलं नाही, त्याचा राग अजून आहे.

मग वाचत बसले. अ‍ॅडेनोसिननं ठोके मंदावतात हे ड्र्युरी आणि सेंट-ग्यॉर्गी (हो, सी व्हिटॅमिनवाले तेच) यांनी १९२९ मध्येच केंब्रिजला दाखवलं होतं, आणि त्याच वर्षी लंडनला शास्त्रज्ञ जेफ्री बर्नस्टॉक जन्मले. एटीपी हा नसांमधला निरोप्यासुद्धा आहे असं त्यांनी १९७२ मध्ये मांडलं तर लोकांनी थट्टा केली, तरी हा माणूस हटला नाही, १९७८ मध्ये अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर पी-वन आणि एटीपीचे पी-टू अशी वाटणीच करून टाकली. नव्वदच्या दशकात या रिसेप्टरांची जनुकं हाती लागली तेव्हा कुठे हसणारे गप्प बसले. २०२० मध्ये बर्नस्टॉक गेले.

एवढं छापाच, की दम्याची थिओफायलिनची गोळी कॅफीनचीच चुलत बहीण आहे, तीही याच सीटवर बसते, तेव्हा हे इंजेक्शन द्यायची वेळ आली तर गोळी, दमा आणि चहा तिन्ही डॉक्टरांना सांगा.

बाबा आता दोनच कप घेतात. तिसरा मागितला की आई बोलत नाही, बोटानं हवेत ती सरळ रेघ काढते.

आपली एक वाचक, सांगली