कॅबिनेटसोबत आलेला सप्लाय

औसा, जि. लातूर

चि. ओंकार यास अण्णाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ‘हो अण्णा, हो अण्णा’ म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. नव्या कॉम्प्युटरची सत्तर हजारांची यादी वाचली. यंदा सोयाबीन पाण्यात उभं होतं हे तुला माहीत आहे. पंधरा हजार निघतील, त्याच्यावर नाही. पण पैशाचं नंतर बोलू.

रविवारी जुनं मशीन दुकानात आणलं, मोटार रिवाइंडिंगचं टेबल पुसलं आणि झाकण काढलं. आत इतकी धूळ, की मळणी यंत्राशेजारी ठेवलं होतं म्हणावं. ब्लोअर मारला, पंखे बोटाने धरून. मोकळे सोडले तर हवेने भन्नाट फिरून बेअरिंग खातात. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती खरवडून नवी लावली. गेम चालू असताना नव्वदीला जाणारं तापमान सत्तरच्या आत आलं. खर्च दीडशे रुपये.

मग सप्लाय, म्हणजे सगळ्या मशीनला वीज देणारा डबा, काढून हातात घेतला आणि मला माझीच लाज वाटली.

मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी यायलं त्या उन्हाळ्यात, २०१६ साली, आपण हा जोडून घेतला. दुकानदार म्हणाला, कॅबिनेटसोबत साडेचारशे वॅटचा सप्लाय येतो, वेगळा कशाला घेता? मी मान हलवली. मी! मोटार नुसती हातात तोलून आत तांबं आहे का ॲल्युमिनियम हे सांगणारा माणूस. हा सप्लाय रिकाम्या डब्यासारखा हलका. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही बारा व्होल्टच्या लाइनवर जगतात, आणि ह्याच्या स्टिकरवर त्या लाइनला १६ अँपिअर लिहिलेत. बारा सोळे एकशे ब्याण्णव. मग साडेचारशे कुठून आले? उघडला तर एका कपॅसिटरची टोपी फुगलेली. (तू उघडू नकोस. वायर काढल्यावरही आत तीनशे व्होल्ट राहू शकतात.)

तू म्हणायचास, ‘अण्णा, गेम खेळता खेळता बंदच पडायलंय.’ आणि मी म्हणायचो, तू अभ्यास करावास म्हणून देवच बंद करायलाय. देव नव्हता रे, सप्लाय होता.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या यायच्या, त्याचं कारणही सापडलं. त्या खोलीतल्या सॉकेटची अर्थिंगची वायर पिनला जोडलेलीच नव्हती. जोडली.

आता तुझ्या यादीचं. तुझ्या बहिणीला गेम लावून टास्क मॅनेजर बघायला बसवलं, कोणता भाग किती राबतो ते त्यात दिसतं. गेम उघडताना डिस्क १०० टक्के. खेळताना ८ जीबी रॅम काठोकाठ, ग्राफिक कार्ड ९९, प्रोसेसर मात्र साठच्या आसपास. म्हणजे तू आय-सेव्हन प्रोसेसर मागतोस, पण काम प्रोसेसरपाशी अडलेलंच नाही. शिवाय आपल्या एच-११० मदरबोर्डात सहाव्या आणि सातव्या पिढीचेच प्रोसेसर चालतात. आठव्या पिढीचा त्याच १,१५१ पिनांच्या खाचेत बसतो, पण चालत नाही. कुणी स्वस्तात दिला तरी घेऊ नको.

दुसरं असं, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आपला आय-फाइव्ह ६४०० प्रोसेसर नाही, आणि १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हे मशीन अजून दोनेक वर्षं ओढायचं. म्हणून माझा हिशोब असा, की पुढच्या मशीनमध्ये जे जाईल त्याच्यावर खर्च करायचा. सप्लाय जाईल, जुन्या डिस्कच्या जागी बसणारी वेगवान एसएसडी जाईल, ग्राफिक कार्ड जाईल. रॅमची जुनी ८ जीबीची एक कांडी मिळाली तर रिकाम्या खाचेत बसव. दोन कांड्या असल्या की त्या जोडीने काम करतात. पण भाव चढे असतील तर थांब, रॅम आणि सोयाबीन दोन्हीचं काही खरं नाही.

कार्डाचं तू ठरव, पण एवढं ऐक. आरएक्स ५८० कार्ड स्वस्त मिळायलंय ते उगीच नाही. २०२२ साली इथेरियम ह्या डिजिटल चलनाचं माइनिंग, म्हणजे कार्डांवर हिशोब चालवून ते कमावणं, बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात आली. बोअरवर चोवीस तास चाललेली मोटार रंग देऊन विकतात, तसंच. वर ते १८५ वॅट खातं, आणि आपला यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅटचा. इथं लाइट किती वेळा जाते ते तू विसरलास काय? मला जीटीएक्स १६५० बरं वाटतं: ७५ वॅट, बऱ्याच मॉडेलना सप्लायची वेगळी वायर लागत नाही, उन्हाळ्यात खोली तापवणार नाही. आरएक्स ६५०० एक्सटी नको. ते बोर्डाशी चारच लेनवर, म्हणजे डेटाच्या चारच वाटांवर बोलतं, आणि आपल्या बोर्डाच्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये मार खातं. जुनं घेतलंस तर समोर अर्धा तास गेम चालवून बघ, नुसता डिस्प्ले आला म्हणून पैसे देऊ नको.

सप्लायचे पैसे त्या पंधरा हजारांत धरू नकोस. ती चूक माझी, तो मी वेगळा घेतो. लातूरला दोन दुकानांत बघून आलो, एक उचलून बघितला, वजन आहे. दिवाळीला येशील तेव्हा बसवलेला असेल.

आई म्हणते, येताना तिचे दोन डबे आण. झाकणासकट.

तुझा,
अण्णा