रडारचे चित्र ताणून छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात आपण भोपाळच्या हवामान रडारचे चित्र मोठे करून छापले आणि त्यावर इंदूरमधली राजवाडा, रामबाग, भंवरकुआं अशी नावे टाकली. रामबाग कोरडी दाखवली होती. संध्याकाळी आमच्या गल्लीत घोटाभर पाणी! दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात जो तो हवामान खात्याला बोल लावत होता. ते ऐकून फार वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

लहर मर्यादित तोंडातून बाहेर पडली की पसरते. हे विवर्तन मी आयुष्यभर फळ्यावर शिकवले, पण नातीला ते पटले परातीत. बोटभर पाण्यात दोन पट्ट्या उभ्या धरून मधे फट ठेवली आणि अलीकडून बोटाने लाटा उठवल्या. फट रुंद होती तेव्हा लाट बरीचशी सरळ गेली. फट बोटाएवढी केली तशी पलीकडे अर्धवर्तुळे पसरली. "आजोबा, फट बारीक केली तर लाटही बारीक व्हायला हवी ना?" भलेभले इथेच चकतात.

रडारची तबकडी म्हणजे ती फट. लहर १० सेंटिमीटर लांबीची असेल, तर साडेआठ मीटरच्या तबकडीतूनही झोत निघतो सुमारे १ अंशाचा. भोपाळहून इंदूर सरळ रेषेत १७० किलोमीटर. इथे पोचेपर्यंत झोत ३ किलोमीटर रुंद होतो, जवळजवळ राजवाडा ते भंवरकुआं एवढा. ढग किती दूर आहे हे रडार बारकाईने सांगते, ते स्पंदाच्या, म्हणजे रडार सोडते त्या लहरीच्या छोट्या तुकड्याच्या, लांबीवर ठरते. पण त्या रुंदीत शेजारी-शेजारी पडणाऱ्या दोन सरी त्याला एकच दिसतात. झोत निम्मा करायचा तर १७ मीटरची तबकडी मनोऱ्यावर फिरवावी लागेल. तोच १ अंशाचा झोत मिळायला ३ सेंटिमीटरच्या लहरीला अडीच मीटरची तबकडी पुरते, पण मुसळधार पाऊसच ती लहर गिळून टाकतो.

यावर तोड नाही असे नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सुटलेल्या निसार या रडारने जमीन पाहणाऱ्या उपग्रहाची अँटेना १२ मीटरची, उंची ७४७ किलोमीटर. २४ सेंटिमीटरच्या लहरीचा झोत जमिनीवर १५ किलोमीटरचा व्हावा. पण उपग्रह पुढे सरकताना आलेले प्रतिध्वनी जुळवले, की कित्येक किलोमीटर लांब अँटेनाचे काम होते आणि काही मीटरचा तपशील हाती येतो. मात्र त्याला अँटेना चालती लागते आणि समोरची जमीन स्थिर. मनोऱ्यावरचे रडार जागचे हलत नाही आणि ढग जागेवर थांबत नाही.

लहरीनेच जो तपशील आणला नाही, तो छापखान्यात चित्र मोठे करून कुठून येणार? कृपया चित्र मूळ आकारात छापा, वस्त्यांची नावे काढा आणि रडार किती लांब आहे ते खाली लिहा. उरलेल्या जागेत शहरातल्या पर्जन्यमापकांचे आदल्या दिवसाचे आकडे द्या.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
रामबाग, इंदूर