मावशी येतेय, तेव्हा जरा सावकाश

प्रिय पिलू,

काल फोनवर तू मावशी-काकांसाठी आखलेला दिवस सांगितलास. आधी वस्तुसंग्रहालय, मग जुना बाजार, नदीकाठ, टेकडीवरचा मनोरा, आणि सगळं पायी. मी नुसतं हूं हूं करत होतो, कारण तुझी आई शेजारी बसून कौतुकाने मान डोलवत होती. पण रात्री झोप लागेना. ही यादी माझ्या ओळखीची आहे. आत्या पहिल्यांदा आपल्याकडे आली तेव्हा मीही अशीच केली होती.

तुला आठवणार नाही, तू तेव्हा माझ्या खांद्यावर होतीस. गणिताचा मास्तर मी, नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजलं. आठ किलोमीटर भरलं. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो, म्हणजे चालणं दीड तासाच्या थोडं वर, उरलेला दिवस बघायला. हिशेब चोख होता. पण तासाला पाच किलोमीटर चालतो तो एकटा, रिकाम्या हाताचा, पायाखालची वाट असलेला माणूस. चारजण निघाले की एकाला फोटो काढायचा असतो, एकाला रस्ता ओलांडायची धास्ती असते, आणि पोराला नेमकं तेव्हाच बसायचं असतं. तू अडीच धर. तेही सकाळी, संध्याकाळी पाय सुजलेले असतात, तेव्हा तेवढेही धरू नकोस.

आत्या त्या दिवशी दुपारपासून प्रत्येक गोष्टीला "छान आहे रे" म्हणत होती. कमानीला छान, पुतळ्याला छान, बंद दाराला छान. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. रात्री घराच्या पायरीवर बसून तिने चप्पल काढली. नवीकोरी, खास इकडे यायचं म्हणून घेतलेली. टाचेमागच्या पट्ट्याखाली तिने बसचं तिकीट चौघडी करून सरकवलं होतं, आणि ते रक्ताने चिकटलं होतं. कधीपासून, म्हणून विचारलं तर म्हणाली, "अरे, तुझा एवढा उत्साह होता."

पैसे देऊन गाईड घेतला असता तर तिने त्याला तिसऱ्या ठिकाणीच थांबवलं असतं. भावाला कसं थांबवणार? म्हणून सांगतो, "दमलात का?" असं विचारूच नकोस. आपल्या माणसांत त्याचं उत्तर "छे, मुळीच नाही" असंच असतं. तुझी मावशी "अजून काय काय राहिलंय गं?" म्हणाली की त्याचा अर्थ "अजून किती राहिलंय" असा घे. काका मागे राहून एखादी पाटी जरा जास्तच मन लावून वाचू लागले, तर त्यांचा गुडघा बोलतोय असं समज आणि "मलाच जरा बसायचंय" म्हणून आपणच बस. हे खोटं चालतं.

वस्तुसंग्रहालय तर एका दिवसात उरकूच नकोस. तिथे चालणं होतं थोडं, पण माणूस रस्त्यापेक्षा जास्त थकतो. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. नुसतं उभं राहिलं की ते खाली साचतं आणि पाय जड होतात. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी 1916 साली या थकव्यावर लेखच लिहिला होता. वस्तू बघायला माणसाला किती वाकावं लागतं, कुठे मान ताणावी लागते, याचे फोटो काढून त्यांनी दाखवले. दोष बघणाऱ्याचा नाही, मांडणाऱ्याचा, असं त्यांचं म्हणणं. एक दालन दाखव, फार तर दोन. बाहेरचा बाक आधी हेरून ठेव.

मनोरा मात्र गाळच. काका हौसेने चढतील, ते मला माहीत आहे. गुडघ्यावर खरा भार येतो तो उतरताना, आणि तेव्हा माघार घेता येत नाही.

काका फोनवर पावलंही मोजतात, दहा हजार झाल्याशिवाय घरी यायचं नाव घ्यायचे नाहीत. त्यांना हळूच सांग की हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. 1965 च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मापक' अशा अर्थाचं होतं. मी सांगितलं तर साडूचा टोमणा होईल. तुझं ऐकतील.

एकाही रस्त्यावरून दोनदा जायचं नाही, असा तुझा हट्ट दिसला. कोनिग्जबर्ग शहरातल्या लोकांनाही असंच सात पूल एकेकदाच ओलांडून फिरायचं होतं. ऑयलर या गणितज्ञाने 1736 सालच्या निबंधात दाखवून दिलं की ते होणारच नाही: वाटेतल्या प्रत्येक जागी येण्याचा एक आणि जाण्याचा एक अशी पुलांची जोडी लागते, आणि तिथे नदीने तोडलेल्या शहराच्या चारही भागांना पुलांची संख्या विषम होती. (मास्तरकी जात नाही, काय करू.) आल्या वाटेने खुशाल परत ये. मघाचा कोपरा पुन्हा दिसला की पाहुण्यांना बरं वाटतं, "इथून आपण वळलो होतो ना?" असं तेच तुला सांगतात.

दुसऱ्या दिवशी आत्याला चालवेना, म्हणून आम्ही गल्लीच्या टोकाच्या कट्ट्यावर बसलो. तासभर ती विचारत होती. तू बस कुठे पकडतोस? ही कुठे रांगायला लागली? तो कुलपं दुरुस्त करणारा म्हातारा कुणाशी बोलतोय? त्या म्हाताऱ्याची चौकशी ती अजून करते. कमान आणि पुतळा तिच्या बोलण्यात पुन्हा कधी आले नाहीत. तुझ्या यादीत तुझा बसथांबा नाही, पहिली भाड्याची खोली नाही. ती खोली मीसुद्धा अजून बाहेरून पाहिलेली नाही.

आई विचारतेय, मावशीला जुनीच चप्पल घालून जायला सांगू का. मी म्हटलं, नको. तू सांगितलंस की ती मुद्दाम नवी घेईल.

तुझा,
बाबा