माझ्या मनपालटाला तारीख नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तारणासाठी माणसाला देवच आधी निवडतो, ही 'निवडी'ची ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे 'आम्ही देवाचे लाडके, बाकीचे टाकलेले' असा अहंकार आहे, असे आपल्या रविवारच्या अंकातील लेखात म्हटले आहे. ते मनाला लागले, म्हणून लिहिते.

वयाच्या चौदाव्या वर्षापासून या निवडीने मला फक्त भीती दिली. उपासनेत लोक उभे राहून साक्ष द्यायचे: अमुक दिवशी, अमुक वेळी माझा मनपालट झाला, नवा जन्म झाला. माझ्याकडे सांगायला तारीखच नव्हती. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा पौल दिमिष्काच्या वाटेवर बदलला, तेव्हा त्याच्याभोवती चमकला तसा प्रकाश मी पाहिला नव्हता. मग देवाने मला निवडलेच नसेल तर? हा प्रश्न मी आईलाही कधी विचारला नाही.

पुढे कितीतरी वर्षांनी एका वृद्ध पाळकांना विचारला. त्यांनी बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा १६वा अध्याय माझ्याकडूनच वाचून घेतला. जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया नदीकाठी पौलाचे बोलणे ऐकत बसली होती आणि प्रभूने तिचे अंतःकरण उघडले. बस्स, एवढेच. त्याच अध्यायात तुरुंगाचा अधिकारी भूकंपानंतर थरथर कापत विश्वासात येतो. बाप्तिस्मा दोघांचाही झाला.

मग त्यांनी नेदरलँड्समधील डॉर्ट येथे भरलेल्या प्रोटेस्टंट धर्मसभेचे (१६१८-१९) ठराव काढले. निवडीचा सिद्धांत कडक शब्दांत मांडणारी ही सभा. पण पहिल्याच प्रकरणाच्या १६व्या कलमात ती सांगते की, ज्यांना आपल्या ठायी जिवंत विश्वास अजून नीटसा जाणवत नाही त्यांनी घाबरू नये, स्वतःला नाकारलेल्यांत मोजू नये. वचन आणि प्रार्थना धरून राहावे. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारखीचा विचार करून ठेवला होता! त्या रात्री मी शांत झोपले.

निवड म्हणजे श्रेय माझे नाही, एवढेच मला त्यातून कळले. बायबलमधील 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या ७व्या अध्यायात इस्राएलाला हेच ऐकवले आहे: तुम्ही संख्येने मोठे म्हणून नव्हे, तुम्ही तर सर्वांत थोडे होता. यात मिरवायला जागा कुठे आहे?

देव काहींनाच निवडतो, तर त्याच्या प्रीतीचे काय, हा अठराव्या शतकातील इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्लीचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. देव ज्याच्यावर इच्छितो त्याच्यावर दया करतो, असे सांगणारा पौलाच्या रोमकरांस पत्राचा ९वा अध्याय मला आजही जड जातो. वेस्ली आणि निवड मानणारा त्याचा सहकारी उपदेशक जॉर्ज व्हाइटफील्ड यांचे यावरून जाहीर बिनसले होते. तरीही १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला, तेव्हा लंडनमध्ये त्याच्या स्मरणार्थ प्रवचन दिले ते वेस्लीनेच.

आणखी एक विनंती. लेखात 'मनपालट' आणि 'धर्मांतर' हे शब्द एकाच अर्थाने आले आहेत. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया', म्हणजे मन बदलणे. आमच्या घरात तीन पिढ्या धर्म तोच आहे. मनपालट मात्र ज्याचा त्यालाच व्हावा लागला, आणि माझा नेमका कधी झाला ते मला आजही सांगता येत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका