मोटर लावण्याआधी

प्रिय दिनू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहूनच गेलं, त्याबद्दल रागाव हवं तर. माझी तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. आज लिहायला बसलो ते तुझ्या एका ओळीमुळे: "जुन्या रीलोडिंग प्रेसला मोटर बसवतोय." झाडलेली काडतुसं पुन्हा भरायचं हे यंत्र, त्याला मोटर! ती ओळ वाचल्यापासून चैन नाही.

तुझ्या प्रेसला चार स्टेशनं, म्हणजे कामाचे चार टप्पे, आणि केसेस (काडतुसांची रिकामी कवचं) पुढच्या टप्प्यावर नेणारी प्लेट हातानं फिरवायची. मध्येच प्रायमर (केसच्या बुडातली पावडर पेटवणारी टोपी) अडकला, तू थांबलास, तर प्लेट फिरवली होती की नाही हे यंत्राला कळत नाही. त्याच केसमध्ये पुन्हा पावडर पडते. पिस्तुलाच्या लांब केसमध्ये जलद जळणारी पावडर इतकी थोडी लागते की दुप्पट पडली तरी काठाखालीच राहते. म्हणून पावडरीच्या छापील तक्त्यांमधली अशी पावडर घे की जिचा एकच चार्ज (एका वेळची मात्रा) अर्ध्याहून जास्त केस भरेल. दुसरा पडला की सांडेल आणि दिसेल. उलट, पावडर पडलीच नाही तर प्रायमरच्या जोरावर बुलेट पिस्तुलाच्या नळीत जाऊन अडकते आणि त्यानंतर झाडलेला राऊंड नळी फाडतो. तिसऱ्या स्टेशनवर लॉक-आउट डाय (केसमधली पावडर तपासणारा साचा) लाव. चार्ज जास्त असो वा नसोच, ती प्रेस अडवते. मग बुलेट बसवणं आणि क्रिम्प (केसचं तोंड बुलेटवर आवळणं) दोन्ही चौथ्यावर येतील. शिशाच्या बुलेटला ते मानवत नाही, कारण बुलेट सरकत असतानाच क्रिम्प तिला खरवडतो. तेव्हा क्रिम्प वेगळ्या प्रेसवर कर. वेळ जातो, जाऊ दे.

मोटरचं खरं दुखणं प्रायमर आहे. तो केसच्या बुडापेक्षा 0.003 ते 0.005 इंच आत बसला पाहिजे, आणि तिरका लागला की हाताला आधी कळतं. मोटर तो तसाच दाबते. एक उडाला तर प्रेसवरच्या प्रायमरच्या नळीत रचलेले बाकीचेही उडू शकतात. त्या नळीभोवती पोलादी कवच आहे का, ते आधी बघ. चष्मा लावतोस ना? शरद अजूनही लावत नाही, त्याला तूच सांग, माझं ऐकत नाही.

आता प्रेस. रॅमभोवती (केसला वर डायमध्ये नेणाऱ्या दांड्याभोवती) जमलेली काळी पूड म्हणजे जळलेल्या प्रायमरची राख. ती रॅमला घासते, शिवाय तिच्यात शिसं असतं. हवेचा झोत मारू नकोस, कोरडा ब्रशही नको. मिनरल स्पिरिटनं ओल्या केलेल्या फडक्यानं पूस, हातमोजे घाल. लहान मुलं त्या खोलीत नकोत. मग रॅमला पातळ तेलाचा हात, लिंकेजच्या (हँडल आणि रॅम जोडणाऱ्या सांध्यांच्या) पिनांना ग्रीस. (तू म्हणायचास सगळीकडे ग्रीसच. अजूनही सांगतो, रॅमवरच्या ग्रीसला पूड चिकटते आणि त्याचं पॉलिश पेपर होतं.) पावडर मोजणाऱ्या ड्रमला मात्र तेल नाहीच. पावडर हॉपरमध्ये (वरच्या डब्यात) रात्रभर ठेवू नकोस: काही पावडरींनी प्लॅस्टिक खराब होतं, आणि सकाळी आत कुठली आहे हा प्रश्न उरतो.

रॅम थोडा हलला तर घाबरू नकोस, केस डायमध्ये शिरताना आपोआप मध्यावर येते. पाहायचं ते असं: रायफलची केस साइझ करताना (डायमध्ये दाबून मूळ मापावर आणताना) रॅम अगदी वर असताना डायच्या तळाखाली बॅटरी धर. उजेडाची फट दिसली तर जोरामुळे प्रेस लवते आहे आणि केस पूर्ण साइझ होत नाही. डायचा आटा 7/8-14, इंचाला 14 आटे, म्हणजे एका फेऱ्यात ती सुमारे 1.8 मिमी खाली येते. अष्टमांश फेरा, साधारण 0.23 मिमी, खाली फिरवून पुन्हा बघ. फट तरीही राहिली तर डायला दोष देऊ नकोस, टेबल बघ. हँडल खाली ओढताना प्रेसचा मागचा भाग उचलला जातो. लाकडी स्क्रू हळूहळू निघतात. आरपार बोल्ट आणि खाली पोलादी पट्टी लाव.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं, जीव भांड्यात पडला. मुलाच्या नोकरीचं काय झालं? बापूंना नमस्कार.

मोटर आली असेल तर पेटीतच असू दे. आधी त्या फटीचं काय झालं ते कळव.

तुझा,
विलास