आवाहन : पैसे हवेतच, पण आधी माणसं हवीत

सप्रेम नमस्कार.

चार वर्षांपूर्वी, खेड्यातल्या मुलांना विज्ञानात पुढं शिकायला हात देणाऱ्या आपल्या कोल्हापुरातल्या मंडळाच्या खोलीत धनगरवाड्यावरची एक मुलगी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. सीतेची आसवं हे रानफूल ती लहानपणापासून कातळाच्या सड्यावर शेळ्यांमागं फिरताना बघत आलेली. त्या जांभळ्या फुलाच्या बुडाशी, ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात आणि त्यांत जीव अडकवून ते रोप पोट भरतं, हे त्या दिवशी तिला दिसलं. आज ती वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे.

तो सूक्ष्मदर्शक शाहूपुरीतल्या शेठजींनी दिलेला. नाव छापायचं नाही, अशी त्यांची ताकीद आहे. त्याचा स्क्रू गेला तेव्हा उद्यमनगरातल्या दादांनी लेथवर नवा करून दिला, मजुरी घेतली नाही. आणि गणिताच्या बाई! निवृत्तीनंतर एक रविवार चुकवला नाही. २०१९ च्या महापुरात खोलीत पाणी शिरलं, तेव्हा पान न् पान उलटून त्यांनीच पुस्तकं वाळवली. या तिघांचं ऋण मंडळ विसरणार नाही.

शाळा काढून भागत नाही, खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा लागते, हे शाहू महाराजांनी ओळखलं आणि १९०१ साली इथं पहिलं बोर्डिंग उभं राहिलं. आता मुलं कॉलेजपर्यंत पोचतात, पण बी.एस्सी. झाली की घरचे विचारतात, ‘अजून किती शिकायचं?’ नेट ही परीक्षा पास होऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की पीएच.डी. करताना सुरुवातीला महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, हे त्या घरात कुणाला ठाऊकच नसतं. डॉ. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले याचा अभिमान आपण सगळेच सांगतो. त्यांच्या घरात वडीलच गणिती होते. आमच्या मुलांच्या घरात कॉलेज पाहिलेलंही कुणी नाही. ती वाट सांगणारं माणूस बाहेरूनच यायला हवं.

म्हणून गेल्या वर्षी पुण्या-बंगळुरूच्या प्रयोगशाळांत असलेल्या आपल्याच माणसांना पत्रं लिहिली. महिन्यातला एक तास, फोनवर, एका मुलाशी बोला, एवढंच मागणं होतं. दोघांनी उत्तर दिलं. वाईट वाटलं, लपवत नाही. काही जणांचे पहिले अर्ज याच खोलीत भरले होते.

यंदा तरी असं होऊ नये. आयआयटीसारख्या संस्थांत एम.एस्सी.ला प्रवेश देणारी जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज त्याआधी काही महिने भरावे लागतात, त्यामुळे हातात वेळ थोडा आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडच्या मुलांचं एसटी भाडं, परीक्षा शुल्क, जुनी-नवी पुस्तकं आणि परीक्षेच्या काळात दोन मुलींना राहायला खोली, एवढ्याची गरज आहे. देणगी रोख किंवा चेकने मंडळाच्या नावे, पावती लगेच. वेळ देणाऱ्यांनी विषय कळवावा. कार्यालय रोज सायंकाळी ६ ते ८, रविवारी सकाळी १० पासून. आपल्या ओळखीत बी.एस्सी. करणारी अशी मुलं असतील तर त्यांनाही घेऊन या.

आपला,
चिटणीस