सातबारावाल्या अण्णांना, आम्हा सगळ्या पक्षीवाल्यांकडून

अण्णा, नमस्कार.

हे व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तुम्ही नेहमीसारखा एक अंगठा टाकून मोकळे झाला असता, आणि समोर बसून बोलायला जावं तर "असूदे असूदे, च्या घे" म्हणून विषयच बदलताय. त्यामुळं सगळ्यांच्या देखत लिहायचं ठरवलं, आता वाचायलाच लागणार तुम्हाला.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही कोल्हापुरातली काही पक्षीवेडी माणसं, कोण मास्तर, कोण मेडिकलवाला, मी बँकेत, एक जण तर गुऱ्हाळाचा मालक. रविवार आला की दुर्बीण गळ्यात अडकवून घाटाकडं पळायचं, गगनबावडा नाहीतर राधानगरी-दाजीपूर, फोटो काढायचे, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) लिस्ट टाकायची आणि येताना मिसळ हाणायची. बरीच वर्षं एवढंच चाललेलं आणि त्यात वाईट काही नाही म्हणा. पण घाटमाथ्यावरच्या एका वाडीजवळ ज्या बेहड्यावर मलबारी राखी धनेशाची जोडी दरवर्षी घरटं करायची तो बेहडा एका वर्षी जाग्यावर नव्हताच, नुसता बुंधा आणि शेजारी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. (वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरट्याची जागा फोडली की पुढच्या रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते, हे आता काय नवीन नाही.)

लोक म्हणतात एक झाड गेलं तर काय बिघडतंय, रान तर हिरवंगार दिसतंय. पण धनेशाचं तसं नसतं. त्याला स्वतःला ढोली कोरता येत नाही, सुतारपक्ष्याने कोरलेली किंवा फांदी मोडून कुजून तयार झालेली ढोली लागते, तीसुद्धा मादी आत बसून पिल्लं वाढतील एवढी मोठी, म्हणजे झाड जुनं आणि जाडजूडच पाहिजे. मादी आत जाते, दार लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते, आणि मग जवळपास तीन महिने तिला नरच भरवतो. चांगली ढोली असली की तीच परत परत वापरतात. म्हणजे झाड गेलं की पुढच्या कित्येक वर्षांची घरटी एकदम गेली, आणि हा पक्षी पश्चिम घाट सोडून जगात कुठंच नाही, हे वेगळंच.

तेव्हा आम्ही एका ऑफिसात गेलो, त्यांनी दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, तिथं सांगितलं झाड मालकीतलं आहे, आमचा विषय नाही. तसं बघितलं तर खोटं नव्हतं ते. राधानगरी अभयारण्य 1958 चं, राज्यातलं पहिलं, साडेतीनशे चौरस किलोमीटर, तिथं कायदा आहे. वर चांदोली आणि कोयना मिळून 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तिथंही आहे. अलीकडं विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं झाली, पण ती सरकारी रानावर होतात. मधलं जे रान आहे, डोंगरउताराचं, वाडीच्या मागचं, देवाच्या नावाचं, ते कुणाचं तरी आहे. आणि पक्षी तर त्याच रानातनं इकडनं तिकडं जातो की.

अण्णा, इथं तुम्ही आलासा. रंकाळ्यावर सकाळी आम्ही जांभळ्या पाणकोंबड्या बघत उभे होतो आणि मागनं तुम्ही विचारलं, "काय हरवलंय काय पाण्यात?" बोलता बोलता कळलं की तुम्ही रिटायर्ड तलाठी, निम्मी नोकरी घाटातल्या सजांवर, म्हणजे तलाठ्याकडं असणाऱ्या गावांवर, काढलेली. बेहड्याची गोष्ट ऐकून तुम्ही पहिला प्रश्न विचारला तो आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता, "गट नंबर कितीय?"

आम्हाला कुठला माहीत. आमच्याकडं जीपीएस पॉइंट होते, फोटो होते, कुठल्या तारखेला नर किती वेळा आला त्याची एक्सेल शीट होती. जमीन कुणाची, हे एकालाही सांगता येत नव्हतं.

त्यानंतर तुमच्या शिवाजी पेठेतल्या घरात जी बैठक बसली ती मी विसरणार नाही. काकूंनी पोह्यांच्या ताटल्या आणल्या आणि तुम्ही गावनकाशा पसरून त्यावरच ठेवायला लावल्या, कोपरे उडू नयेत म्हणून. म्हणालासा, "झाडं हुडकत हिंडू नका, आधी सातबाऱ्यावर पोटखराबा बघा. जिथं नांगर चालत नाही तिथंच जुनी झाडं उरल्यात." आमचा मेडिकलवाला हसला, सातबारा बघून कुठं पक्षी सापडतोय होय म्हणून. पुढच्या सीझनला तुम्ही खुणा केलेल्या गटांतच नवीन ढोल्या सापडल्या, तवापासनं तो हसत नाही.

खरं अवघड काम त्यापुढं होतं, ढोलीची झाडं तोडू नयेत म्हणून मालकांना राजी करायचं, आणि ते तुम्हीच करू जाणे. एका गटावर सहहिस्सेदारांची ही लांबलचक यादी, निम्मे भांडुप-घाटकोपरला, दोन नावं वारलेल्यांची, वारसांचा फेरफार कधी झालाच नाही. आम्ही असतो तर तिथंच फाईल बंद केली असती. तुम्हाला मात्र कुणाचा पोरगा कुठल्या कंपनीत आणि कुणाची सून कुणाच्या माहेरची हे सगळं तोंडपाठ. एकेकाला फोन लावून "गणपतीला येताय न्हवं, तवा देवळात बसू" एवढंच सांगायचं आणि ठेवायचा. पर्यावरण, जैवविविधता, जागतिक वारसा असला एक शब्द फोनवर काढायचा नाही, अशी आम्हालाही सक्त ताकीद. (2012 ला राधानगरी, चांदोली, कोयना आणि कास युनेस्कोच्या यादीत गेले याचा आम्हाला लई अभिमान, पण देवळातल्या बैठकीत त्याचा काही उपयोग नसतो हे तुमच्याकडनं कळलं.)

त्या बैठकीत एका घरानं उभ्या झाडांचा इसार घेतलेला निघाला. आमच्यातले दोघं तावातावानं बोलायला लागले तर तुम्ही हातानंच गप्प केलं आणि त्या माणसाला विचारलं, पैसे कशाला लागले होते? पोरीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला. बस. मग तुम्ही व्यापाऱ्यालाही बोलावून घेतलंसा, त्याला चोर ठरवलं नाही, त्याचा इसार हप्त्यानं परत करायचं ठरवलं, ढोलीची झाडं सोडून जी वठलेली होती ती त्याला द्यायची बोली झाली, आणि पोरीच्या फीसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज कसं करायचं ते बघायला मला पुढं केलं. तो व्यापारी अजून भेटला की नमस्कार घालतो. मला विचाराल तर पक्षी वाचवणाऱ्या बऱ्याच मंडळींना हे जमत नाही, आपण लगेच व्हिलन शोधतो.

बाकी घरटी राखायच्या योजनेची कल्पना काय आमची नव्हे. अरुणाचलमध्ये पक्केच्या जंगलाशेजारी 2011 च्या सुमारास न्यिशी गावप्रमुखांची संस्था, वन विभाग आणि निसर्ग संवर्धनवाले अशा तिघांनी मिळून धनेशाची घरटी दत्तक घ्यायला सुरुवात केली, शहरातले लोक पैसे देतात आणि पूर्वी शिकार करणारी माणसंच घरटी राखतात. आम्ही त्याचंच छोटं कोल्हापुरी रूप केलं. सीझनमध्ये वाडीतला एक पोरगा घरटं राखतो, रोजची नोंद करतो, त्याला मानधन आमच्या वर्गणीतनं, आणि वर गुऱ्हाळवाल्याकडनं एक गुळाची ढेप. ढेप ही आयडिया कुणाची ते सांगायला नको. वन विभागाचा बीट गार्ड येतो, कॉलेजच्या प्राणीशास्त्राच्या मॅडम विद्यार्थी पाठवतात, शाळेची पोरं घरट्याखाली पडलेल्या बिया गोळा करून पिशव्यांत लावतात, जांभूळ, भेर्लीमाड, कसल्या कसल्या.

आणि घाटाखालचे लोक! ते राहिलंच. आपण माथ्यावर बसून आपलीच घरटी मोजत होतो आणि धनेश उंबर-नांद्रुक पिकला की घाट उतरून खाली जायचे, तिकडं जिल्हा वेगळा, वन विभाग वेगळा, तिथल्या पोरांचा वेगळा ग्रुप. तुम्ही म्हणालासा हद्दीची खूण दोन्हीकडनं बघितल्याशिवाय खरी धरायची नाही, आणि ओळख काढून त्यांना वर बोलावलंसा. आता नोंदी एकत्र होतात, आणि जाळरेषाही (वणवा अडवायला आधीच गवत जाळून मोकळी केलेली पट्टी) एकाच आठवड्यात काढतात, कारण खाली पेटलेला वणवा उतार चढून वर यायला वेळ लागत नाही आणि आपण एकट्यानं काढून काय उपयोग नसतो.

तुमचा कागदाचा हट्ट आम्हाला आधी जड जायचा हे पण सांगते. प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती, तारीख, सह्या, अंगठे, वर ग्रामसभेचा ठराव. आम्ही म्हणायचो, अण्णा, लोकांनी शब्द दिलाय की. तुम्ही म्हणायचा, "शब्द माणसाबरं जातोय, ठराव दप्तरात ऱ्हातोय." तुमच्यामुळंच ढोलीची झाडं पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत गेली, 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली अशी नोंदवही असते हेच गावात फार कुणाला माहीत नव्हतं, ती कपाटात प्लास्टिक न फाडलेली पडून होती. मध्यंतरी पंचायत बदलली, नवीन मंडळींना रस्ता रुंद करायचा होता, तेव्हा तोच ठराव काढून दाखवला आणि रस्ता चार पावलं सरकला. भांडण नाही, मोर्चा नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना सांगायचीच आहे. तुम्हाला पहिल्यांदा स्कोपमधनं घरटं दाखवलं तो दिवस. चष्मा काढू का ठेवू यात तुमचा बराच वेळ गेला. मग नर आला, फांदीवर बसला, मान वर करून गळ्यातनं एक फळ चोचीच्या टोकावर आणलं, फटीत दिलं, परत मान झटकली, परत एक. एका खेपेत एवढी फळं निघाली की तुम्ही मोजायलाच लागला. आतनं फक्त चोचीचं टोक दिसायचं, घेतलं की गायब. आम्ही सगळे श्वास रोखून, आणि तुम्ही हळू आवाजात विचारलंसा, "ही आत कोंडून घेतल्यावर ह्यो जर आलाच न्हाई तर?" कुणीतरी सांगितलं, मग अवघड आहे अण्णा, आतल्यांचं काही खरं नाही. तुम्ही डोळा न काढता म्हणालासा, "मग शिकाऱ्यानं एक मारला तर सगळं घरच नील हुतंय की." शाळेतल्या पोरांना समजवायला आम्ही आठ स्लाइड करायचो, आता तुमचं हे एक वाक्य सांगतो.

तुम्हाला अजूनही कुटुरगा आणि तांबट आवाजावरनं वेगळे ओळखता येत नाहीत, आणि तुम्ही शीळकरी कस्तुराला "त्यो सकाळचा शिट्टीवाला" म्हणता. काही बिघडत नाही. पक्षी ओळखणारे कोल्हापुरात आता ढिगानं आहेत, 5 ते 12 नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह आला की रंकाळ्यावर पाय ठेवायला जागा नसते. डोंगरातली माणसं ओळखणारं, त्यांच्या घरची अडचण विचारणारं, आणि ते सगळं कागदावर नीट उतरवणारं आमच्यात कुणीच नव्हतं. तुम्ही त्याबद्दल एक रुपया घेतला नाहीत, एसटीचं तिकीट काढलं तर त्यावरनंही भांडलात.

तर अण्णा, मनापासून थँक्यू. माझ्याकडनं, ग्रुपकडनं, घाटाखालच्या पोरांकडनं, आणि त्या नर्सिंगवाल्या पोरीकडनंसुद्धा, तिनं खास निरोप दिलाय. काकूंना पण थँक्यू, रविवारचं तुमचं जेवण कितीदा गार झालं असेल त्यांनाच माहीत.

आता कामाचं. ओढ्याकडच्या गटाचा वारस फेरफार अजून लटकलाय, भांडुपच्या काकांनी मृत्यूचा दाखला पाठवलाय पण नावात फरक आहे, त्याला काय करायचं ते सांगा. देवराईच्या जागेवर देवस्थानची नोंद आहे, तिथला अर्ज कुणाच्या नावानं करायचा तेही बघायला पाहिजे. आणि डिसेंबर संपायच्या आत जाळरेषेच्या तारखा ठरवायच्यात, खालची मंडळी शनिवारी वर येणार आहेत. गाडी सकाळी सहाला तुमच्या दारात असेल. शुगरची गोळी आणि स्वेटर तेवढा विसरू नका, मागच्या खेपेला काकूंनी मला झापलंय.

तुमची,
कॅमेरावाली पोरगी